माय मरो, मावशी जगो

(विहाराच्या वर्धापनदिनी उपासिकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने आम्हाला ‘आई’ या विषयावर बोलायला सांगितले. आम्ही काही पंडित नव्हे. सातवीतून शाळा सुटली, पुढचे शिक्षण साचेखात्यात आणि याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

आईवर बोलताना माणसे जन्म देणाऱ्या आईवर बोलतात. ते बरोबरच आहे. पण आज आम्ही बोलणार आहोत ती दुसऱ्या आईबद्दल. जिने पोटातून जन्म दिला नाही, पण पोटाशी धरले. आपल्या लोकांत अशी आई घरोघर आहे. कुणाची बायको बाळंतपणात गेली, कुणाचा नवरा गिरणीत नाहीतर दारूत गेला, आणि दोन मोडकी घरे मिळून एक घर उभे राहिले. तिचे पोर, त्याची पोरे, एका ताटात जेवली. पण अशा आईला समाज एकच नाव देतो, ‘सावत्र’. हा शब्द पोरांच्या कानात कोण घालतो? आपणच घालतो.

बंधू-भगिनींनो, आपल्या धम्माची सुरुवातच अशा आईपासून आहे. सिद्धार्थ जन्मला आणि सातव्या दिवशी महामाया गेली. मग त्याला कुणी वाढवले? महामायेची बहीण महाप्रजापती गौतमी, म्हणजे सिद्धार्थाची मावशी आणि शुद्धोदनाची दुसरी राणी. तिला स्वतःचा मुलगाही झाला, नंद. अट्ठकथेत असे सांगितले आहे की तिने नंदाला दाईकडे दिले आणि सिद्धार्थाला स्वतःचे दूध पाजले. ‘माय मरो पण मावशी जगो’ असे आपल्या आज्या म्हणतात, ते कपिलवस्तूत असे खरे झाले.

मज्झिमनिकायात दक्खिणाविभंग नावाचे सुत्त आहे. त्यातली गोष्ट आम्हा गिरणी कामगारांना फार जवळची वाटते. भगवान बुद्ध कपिलवस्तूला आले असता गौतमी त्यांच्याकडे नव्या वस्त्रांची जोडी घेऊन आली. राणी असून तिने ते कापड बाजारातून आणले नव्हते. सूत स्वतः कातले होते, कापड स्वतः विणले होते. भगवान म्हणाले, ते संघाला दे, म्हणजे माझाही आदर होईल आणि संघाचाही. त्या वेळी आनंदाने आठवण करून दिली, की आई गेल्यावर हिनेच तुम्हाला दूध पाजले, वाढवले. आणि तुमच्यामुळेच ती बुद्ध, धम्म, संघाला शरण आली, म्हणजे तुमचेही तिच्यावर उपकार आहेत. उपकार दोन्ही बाजूंनी असतात, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

याच गौतमीने पुढे केस कापून, काषाय वस्त्रे घालून, शाक्य स्त्रियांसह वैशालीपर्यंत पायी वाट चालली. पाय सुजले, अंगावर धूळ, दाराशी उभी राहून रडत होती. आनंदाने तिची बाजू मांडली आणि भिक्खुणी संघ झाला. त्यासाठी घातलेल्या आठ अटींवर विद्वान आजही वाद घालतात, तो त्यांनी घालावा. आम्ही एवढेच पाहतो, की स्त्रियांना संघाचे दार उघडले गेले ते एका वाढवणाऱ्या आईच्या पायपिटीने.

आता परमपूज्य बाबासाहेबांकडे या. भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचे होते. त्यांना सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. पुढे सुभेदार रामजींनी दुसरे लग्न केले. नवी आई आपल्या आईचे दागिने घालते हे बाल भीमरावांना सहन झाले नाही. आपण घर सोडावे, मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागावे असे त्यांनी ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी काढायला तीन रात्री खटपट केली. चौथ्या रात्री ती हाती लागली, तर आत अर्धा आणा! तेव्हा त्यांनी मनाशी ठरवले की आता खूप अभ्यास करायचा. त्या पिशवीत भाडे असते तर? आपणा सर्वांचे काय झाले असते, विचार करा. तर एवढ्या थोर पुरुषालाही लहानपणी नवी आई मनाला टोचली. पोराच्या मनात तेढ येते, तो त्याचा गुन्हा नव्हे. पण मोठेपणीही ती तेढ जपणे हा गुन्हा आहे. तो आम्ही केला, म्हणून हे सांगतो.

आमची आई १९७६ साली गेली. आम्ही तेव्हा सात वर्षांचे. दोन वर्षांनी वडिलांनी माणदेशातल्या एका विधवा बाईशी लग्न केले. ती आली ती कडेवर चार वर्षांची मुलगी आणि गाठोड्यात खंडोबाचा टाक घेऊन. आमच्या घरात तर १९५६ पासून देव नाहीत! आजी म्हणाली, आधी तो टाक समुद्रात टाका. वडील म्हणाले, “तिला तिचं कळू द्या. जबरीनं दिलेला धम्म टिकत नाय.” टाक ट्रंकेत राहिला. ती विहारात यायची, मागे बसायची, ऐकायची. पाच वर्षांनी गावी जाताना तिने टाक नेला, भावाला देऊन आली आणि पुढच्या पौर्णिमेला बावीस प्रतिज्ञा घेतल्या. कुणी सांगितले नव्हते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वडील स्पिनिंगमध्ये होते. घरात दाणा नाही. ती दादरला चार घरी धुणीभांडी करू लागली. तिथून आणलेले शिळे चार पोरांत वाटायची, आम्हा तिघा भावांना आधी, तिच्या पोटच्या पोरीला शेवटी. आम्ही हे रोज पाहत होतो. तरी आम्ही तिला ‘आई’ म्हटले नाही. मावशी म्हणायचो.

१९९६ साली आमचा मंगल परिणय झाला. पत्रिकेचा मजकूर आम्हीच लिहिला. ‘कालकथित’ लिहून जन्मदात्या आईचे नाव घातले, वडिलांचे घातले, काका-मामांची घातली. तिचे नाव घातले नाही, बहिणीचेही नाही. तिला तेव्हा वाचता येत नव्हते. त्याच पत्रिका घेऊन ती चाळीत दारोदार फिरली, “आमच्या पोराचं लगीन हाय, यायचं बरं का” म्हणत. बहिणीने पत्रिका वाचली होती, पण ती गप्प राहिली.

पुढे एका वर्षावासात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन चालू होते. तिला स्वतः वाचावेसे वाटले. आम्ही वंदनेच्या पुस्तकावरून तिला अक्षरे शिकवली. हळूहळू पाट्या, पेपरचे मथळे वाचू लागली. एके दिवशी ट्रंकेत जपून ठेवलेली आमची पत्रिका काढून बसली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. मग विचारले, “ह्यात माझं नाव कुठं हाय रं?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. तिने पत्रिका घडी घालून परत ठेवली आणि चहा टाकायला उठली. त्या दिवसापासून आम्ही तिला आई म्हणू लागलो. २०१५ साली ती गेली. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत तिचे नाव मोठ्या अक्षरांत छापले, बहिणीचे नाव आमच्या बरोबरीने घातले. पण ती वाचायला ती नव्हती.

म्हणून समितीपुढे आमची विनंती आहे. विहारात मंगल परिणयाची नोंद होते, तिथे आईच्या रकान्यात जन्मदात्री आणि वाढवणारी, दोघींची नावे लिहावीत. दरवर्षी ७ फेब्रुवारीला, माता रमाईच्या जयंतीला, दुसऱ्याची लेकरे वाढवलेल्या आयाबायांना पुढे बसवावे. रमाईनेही दिराचा मुलगा मुकुंद यशवंताबरोबर एकाच घरात वाढवला होता.

आणि तरुणांनो, तुमच्या घरी अशी आई असेल तर आज घरी गेल्यावर तिला आई म्हणा. आम्ही १८ वर्षे मावशी म्हणत राहिलो आणि मग तिचे नाव पत्रिकेतूनही वगळले. तुम्ही तसे करू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!