घोडी अवचित व्याली तर



दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून हौसेने आणलेली घोडी गाभण आहे, हे नव्या मालकाला कधी कधी ठाऊकच नसते.

गाभणपणाची मुदत सुमारे 11 महिन्यांची. पोट मात्र इतके बेताने वाढते, की अननुभवी दृष्टीला ते चांगल्या चाऱ्याचे तेज वाटावे.

म्हणून कास पाहावी.

कास भरली, सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब साकळले, की कोरड्या, स्वच्छ बिछायतीची तजवीज करावी आणि पशुवैद्यकाला आगाऊ वर्दी द्यावी.

घोडी बहुधा रात्री विते.
आपण दूर, शांत उभे राहावे.

पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यावे. त्याऐवजी लाल, मखमली पिशवी पुढे दिसली, तर ती स्वच्छ हातांनी तत्काळ फाडावी आणि वैद्यकाला बोलवावे. कारण शिंगराचा प्राणवायू तुटू लागलेला असतो.

नाळ आपोआप तुटू द्यावी.

आता 3 गोष्टी ध्यानी धरा.
1 तासात शिंगरू उभे राहावे.
2 तासांत ते प्यावे.
3 तासांत वार पडावी.

पुन्हा सांगतो: उभे राहणे 1, पिणे 2, वार 3.

पिण्याची घाई यासाठी, की घोडीच्या वारेतून रोगप्रतिकाराची शक्ती शिंगरात उतरत नाही. ती त्याला चिकातूनच मिळते.

गाईची वार अडकली तर काही काळ थांबता येते, घोडीच्या बाबतीत तो विलंब जिवावर बेततो. तरीही वार हाताने ओढू नये.

पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक आजच तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.