गळा कुणाचा



विलायतेत बीबीसीवर कामगार यायचा, पण नटाच्या तोंडून. टेपवर त्याला बोलता करायचं, कागदावर उतरवायचं, मग शुद्ध उच्चारांच्या नटाकडनं वाचून घ्यायचं. जगणं ह्याचं, गळा त्याचा!

१९५७ साली जॉन ॲक्सन हा इंजिन ड्रायव्हर ब्रेक गेलेल्या मालगाडीतनं उडी न टाकता मेला. चार्ल्स पार्कर आणि इवान मॅकॉल टेपरेकॉर्डर घेऊन रेल्वे कामगारांत गेले. ते बोलणं ऐकलं आणि नटांना सुट्टी दिली. १९५८ च्या 'द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन'मध्ये कामगार आपल्याच बोलीत बोलले. मधे इंजिनांचे खरे आवाज, आणि गाणी. पेगी सीगर संगीताला. अशा ८ 'रेडिओ बॅलड' झाल्या.

शेवटची १९६४ ची, भटक्यांवर. हुसकून लावलेली माणसं त्यात स्वतः सांगतात. आणि एक नगरसेवकही आहे, चांगला प्रतिष्ठित. जे सुधारत नाहीत त्यांचा नायनाटच करायला हवा, म्हणतो. शब्द भयंकर आहे, खरंच तसं म्हणायचंय? पार्कर विचारतो. का नाही, म्हणतो तो.

हेच नटानं वाचलं असतं तर लोक म्हणाले असते, लेखकानं तिखटमीठ लावलंय. टेपवर मात्र त्याचाच गळा आहे. आणि कार्यक्रम तिथंच संपतो.