जमीन किती सरकली?



शेताचा बांध कुणी हातभर सरकवला, तर आपण मोजणी मागतो. मोजणीदार जुन्या दगडापासून माप धरतो. पण दगडही हलला, सारा गावच हलला, तर माप धरायचे कशापासून?

जपान देशात असेच घडले. ११ मार्च २०११ रोजी दुपारी समुद्राखाली फार मोठा भूकंप झाला. प्रचंड लाटा आल्या. अठरा हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. ओशिका भागातली जमीन १७ फूट समुद्राकडे सरकली, आणि सुमारे ४ फूट खाली बसली.

हे कळले कसे? आकाशात २० हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरत असतात. ते रेडिओसारखे संदेश पाठवतात. संदेश केव्हा निघाला, ती वेळ त्यातच असते. जपानने देशभर बाराशेंहून जास्त खांब रोवले आहेत. खांबावरचे यंत्र संदेश घेते. संदेशाला किती वेळ लागला, त्यावरून उपग्रहाचे अंतर निघते. चार उपग्रहांची अंतरे मिळाली, की खांबाची जागा ठरते. कालची जागा आणि आजची जागा ताडून पाहिली, की जमीन किती हलली ते समजते.

याचा उपयोग काय? त्या दिवशी तीन मिनिटांत लाटांचा इशारा निघाला. पण हादरे मोजणाऱ्या यंत्रांवरून भूकंप होता त्याहून लहान वाटला. मियागी प्रांतात ६ मीटर लाट येईल, असे सांगितले. पुष्कळ ठिकाणी ती १० मीटरहून उंच आली! जमीन किती सरकली हे चटकन कळले, तर भूकंपाचा खरा आकार लवकर कळतो. म्हणून आता तिथे खांबांचे माप त्याच घटकेला वाचतात.

भूकंप थांबला, तरी जमीन थांबली नाही. बसलेली जमीन वर्षानुवर्षे हळूहळू वर येत राहिली. भरतीचे पाणी आत शिरते म्हणून बंदरांचे ओटे उंच केले होते. पुढे काही ठिकाणी ते कोळ्यांना फार उंच पडू लागले. मग ते तासून कमी करावे लागले. म्हणून मोजणी एकदा करून भागत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. भूकंप कोणत्या दिवशी होणार, हे उपग्रह सांगत नाही. कुणी तसे सांगितले, तर विश्वास ठेवू नका. आणि समुद्रकाठी असताना जमीन जोरात हादरली, तर इशाऱ्याची वाट पाहू नका. मुलाबाळांना, म्हाताऱ्यांना घेऊन तडक उंच जागी जा.