'गोरी' म्हणजे नेमकी कोण?

सोलापुरातून बोलतोय. दिवसा कोड लिहितो, रात्री माईक घेऊन बसतो, हे तुम्हाला माहीतच आहे. हेडफोन लावा. गाणी आपल्याला आपल्या अंगाबद्दल, रंगाबद्दल काय शिकवतात, हा आजचा विषय. तो मोठा आहे, म्हणून आज एकच शब्द घेऊ: 'गोरी'.

२०२० ची गोष्ट. 'खाली पीली' नावाचा हिंदी सिनेमा यायचा होता, ईशान खट्टर आणि अनन्या पांडेचा. सप्टेंबरमध्ये त्यातलं एक गाणं आलं. त्यात हिरॉइनला 'गोरिया' म्हटलं होतं आणि तिला बघून बियॉन्से लाजेल असा दावा होता. बियॉन्से म्हणजे अमेरिकेतली नावाजलेली कृष्णवर्णीय गायिका. लोक भडकले. मग आधी नावाचं स्पेलिंग बदललं, तेवढ्यानं भागेना, तेव्हा नावच काढून तिथं 'दुनिया' घातलं.

दिग्दर्शक मकबूल खान यांनी जे स्पष्टीकरण दिलं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की हा शब्द आपल्या गाण्यांत मुलीला हाक मारायला इतका सर्रास वापरतात, की त्याचा शब्दशः अर्थ आमच्या डोक्यातच आला नाही.

मला ते खरं वाटतं. आणि गोची तिथंच आहे.

आम्ही कोड लिहितो तेव्हा 'डिफॉल्ट व्हॅल्यू' ठेवतो. युजरनं काही भरलं नाही, तर ती आपोआप लागते. आपल्या गाण्यांत मुलगी म्हटली की डिफॉल्ट 'गोरी' लागतं. ज्यांना ते बसतं त्यांना कळतही नाही. ज्यांना बसत नाही, त्यांना मात्र प्रत्येक गाण्यात कळतं.

मराठीत तर यमकच तयार आहे, 'पोरी'ला 'गोरी'. बालवाडीत आपण सगळ्यांनी 'गोरी गोरी पान' म्हटलंय. शब्द गदिमांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज आशाताईंचा. गोड गाणं आहे, कुणाला नावं ठेवत नाही. पण वहिनी कशी हवी, ही अट चार वर्षांच्या पोरांना तोंडपाठ होते, हेही तितकंच खरं.

आता गंमत बघा. सोलापूरहून ७०-७५ किलोमीटरवर पंढरपूर. तिथला विठ्ठल सावळा, आणि सावळा म्हणूनच देखणा. शेकडो वर्षं आपण तसंच गातोय. त्याच घरात लग्नाचा बायोडेटा निघाला की 'वर्ण' नावाच्या रकान्यात सावळा लिहायला हात अडखळतो. मग 'गव्हाळ' लिहितात.

माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं. हळदीची रील एडिट होऊन आली. खाली गोरीचं गाणं आणि वर फिल्टर, दोन शेड उजळ करणारा. तिनं मला फोन दाखवला आणि विचारलं, "दादा, ही कोण आहे रे?" हसत नव्हती ती. एडिटरला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, सगळ्यांना असंच करून देतो, कुणी काही बोलत नाही." परत डिफॉल्ट! तिनं फिल्टर काढायला लावला, गाणं बदलायला लावलं. दहा मिनिटांचं काम होतं.

रील्सचं गणितही समजून घ्या. एकच ऑडिओ हजारो लोक उचलतात, आणि त्यातला जेमतेम पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा फिरत राहतो. तुम्ही किती वेळ थांबलात, परत बघितलंत का, शेअर केलंत का, यावरून पुढचं ठरतं. ती ओळ ऐकून कुणाला काय वाटलं, याचा रकानाच नसतो तिथं.

"काय बे, गाणंच आहे ते, नाच की!" असं कुणी म्हणेल. नाचायचंच आहे राव. गणपतीच्या मिरवणुकीत मी पण असतो. आणि सौंदर्याचं वर्णन नकोच, असंही मी म्हणत नाही. शाहीर राम जोशी सोलापूरचेच, त्यांच्या शृंगारिक लावण्या दोनशे वर्षांनंतरही गातात. माझा प्रश्न एवढाच आहे, की सुंदर म्हणायला दरवेळी एकच रंग का लागतो?

तो लागत नाही, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१६ चा 'सैराट'. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. अजय-अतुलचं 'याड लागलं' आठवा. पोरगी कोणत्या रंगाची आहे, यावर ते गाणं चालत नाही. पोराच्या मनात काय कालवाकालव झालीय, त्यावर चालतं. अख्खा महाराष्ट्र वेडा झाला, कुणाला काही कमी पडलं नाही.

त्याच २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं. क्रीमच्या डबीवरचा शब्द कंपनीनं बदलला. गाण्यातला शब्द बदलायला तर कंपनीही लागत नाही. घरातल्या लग्नाची प्लेलिस्ट तुमच्याच फोनमध्ये असते ना? रील एडिटरला द्यायच्या सूचनाही तुम्हीच देता.

आजचा होमवर्क: प्रेमाची अशी तीन गाणी शोधा, ज्यात मुलीचं कौतुक आहे पण रंगाचा उल्लेख नाही. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, काहीही चालेल, सोलापूर आहे हे! कमेंटमध्ये टाका. त्यातून एक प्लेलिस्ट बनवू आणि पुढच्या एपिसोडला तिची लिंक देतो.

भेटू मग. काळजी घ्या.