ताऱ्यांची वही

देवरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या बाया, आज्या आणि पोरींनो, आज आम्ही बचतीचं किंवा कर्जाचं बोलणार नाही. आज ताऱ्यांचं बोलायचं आहे. पण वही लागणारच, ती कशाला ते शेवटी सांगतो.

चैत्रात आपण मोहफुलं वेचायला पहाटेच निघतो. डोक्यावर टोपली, हातात बॅटरी. चारच्या सुमारास दक्षिणेकडे पाहिलं तर आभाळात नांगी वळवलेला विंचू दिसतो. त्याच्या छातीत एक लालसर तारा आहे. तो ज्येष्ठा. आपण त्याला वर्षानुवर्षं पाहत आलो, आणि धरून चाललो की तो आहे तसाच असतो. तसं नाही. ज्येष्ठाचं तेज काही वर्षं थोडं वाढतं, काही वर्षं थोडं कमी होतं. अशा तेज बदलणाऱ्या ताऱ्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात.

तेज का बदलतं? काही तारे फुगतात आणि आक्रसतात, चुलीवरच्या भाकरीसारखे, फक्त पुन्हा पुन्हा. काही ठिकाणी दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि एक दुसऱ्याच्या आड आला की उजेड कमी होतो. काही तारे धूळ बाहेर टाकतात आणि त्या धुळीनेच झाकले जातात.

हे आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. धानाची कापणी आटोपली की रात्री पूर्वेला मृग नक्षत्र वर येतं. तेच मृग, जे सात-आठ जूनला लागलं की आपण परे टाकायच्या घाईत असतो. तेव्हा सूर्यच त्या ताऱ्यांच्या बाजूला असतो, म्हणून ते दिसत नाहीत. ते पाहायचे हिवाळ्यात. एका ओळीतले तीन तारे शोधा. त्यांच्या डावीकडचा लालसर, मोठा तारा म्हणजे काक्षी. २०१९ च्या शेवटी हा काक्षी मंद होऊ लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये तर त्याचं तेज निम्म्याहूनही कमी झालं. तारा फुटतो की काय, असंही काही जणांना वाटलं. पुढे अभ्यासातून कळलं की ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ झाली आणि ती आपल्या आणि त्याच्या मधे आली. काही महिन्यांत तो पुन्हा उजळला.

तो बदल दिसायला दुर्बीण लागत नव्हती. आपल्याही अंगणातून दिसला असता. आम्ही आपसात विचारलं, तेव्हा कोणी पाहिला होता? कोणीच नाही. अंगणात रोज बसत होतो, पण आधी तो किती तेजस्वी होता हेच कोणी लक्षात ठेवलं नव्हतं. आधीचं माहीत नसलं तर बदल कळत नाही. दुकानाच्या उधारीचंही तसंच असतं ना?

मग हे बदल लिहून ठेवणारे होते कोण? मोठे शास्त्रज्ञ तर होतेच, पण साधी माणसंही होती. जुन्या बंगालात जेसोरला राधागोविंद चंद्र नावाचे गृहस्थ होते. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तीनदा नापास झाले. सरकारी खजिन्यात कारकून म्हणून लागले. दिवसा नाणी मोजायची आणि रात्री ताऱ्यांचं तेज पाहून लिहायचं, असं त्यांनी कित्येक वर्षं केलं. अमेरिकेत १९११ साली रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारी एक संस्था सुरू झाली. तिच्याकडे त्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी जमा झाल्या. त्या संस्थेने त्यांना दुर्बीणही पाठवली.

दुसरी गोष्ट एका बाईची. हेन्रिएटा लेविट, जन्म १८६८. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत काम करायच्या. त्यांना ऐकू कमी यायचं. तिथे दुर्बिणीचं काम पुरुषांकडे होतं. बायांकडे होतं काचेवर घेतलेली ताऱ्यांची छायाचित्रं तपासायचं काम. मजुरी तासाला तीस सेंट. एकाच आभाळाच्या दोन काचा जवळ ठेवायच्या आणि कोणता ठिपका लहान-मोठा झाला ते शोधायचं. आपण सुपात तांदूळ घेऊन खडे वेचतो, तसंच डोळे फोडणारं काम. १९०८ साली त्यांनी १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी छापली.

ती यादी करताना त्यांना एक गोष्ट दिसली. एका जातीचे तारे जितके जास्त तेजस्वी, तितका त्यांना उजळून मंद व्हायला जास्त वेळ लागतो. १९१२ साली हा नियम पक्का झाला. याचा उपयोग काय? रात्री बांधीपलीकडे कोणाची बॅटरी दिसते. बॅटरी मोठी आहे की लहान हे माहीत नसेल, तर माणूस किती लांब आहे ते सांगता येत नाही. बॅटरी माहीत असेल, तर उजेडावरून अंदाज लागतो. लेविटबाईंनी ताऱ्यांची ‘बॅटरी’ ओळखायची रीत दिली. तीच रीत वापरून हबल यांनी पुढे दाखवलं की देवयानीतला धुरकट ठिपका आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर आहे. विश्व केवढं मोठं आहे, ते अशा मजुरीवरच्या बाईच्या वहीतून कळलं. १९१२ चं ते पत्रक मात्र निघालं वेधशाळेच्या प्रमुखांच्या सहीने. काम मिस लेविट यांचं, एवढं त्यात पहिल्या ओळीत लिहिलेलं आहे.

आता आपल्याकडचं. आमच्या गटात एक आजी होत्या. सप्तर्षीचे चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि मागचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर, असं त्या सांगायच्या. मृगातल्या ताऱ्यांना नांगर म्हणायच्या. आम्ही हसायचो. शाळेत शिकलेलं तेच खरं, असं वाटायचं. मागच्या वर्षी आजी गेल्या. त्यांना आणखी पुष्कळ तारे माहीत होते. आम्हाला आठवतात ते हे दोनच.

नंतर कळलं की मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून लोकांचं ताऱ्यांचं ज्ञान लिहून घेतलं आणि २०१३ मध्ये ते छापलं. खाट आणि नांगर त्यांनाही सापडले. ज्यावर आम्ही हसलो, ते अभ्यासकांनी जपून लिहून घेतलं.

शंकर बाळकृष्ण दीक्षित हे दापोलीजवळच्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. १८९६ साली त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा मोठा इतिहास मराठीत छापला. कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत, असं एका जुन्या ग्रंथात म्हटलेलं आहे. तेवढ्यावरून दीक्षितांनी ते निरीक्षण किती जुनं असेल याचं गणित मांडलं. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी पाहिलं आणि ते शब्दांत राहिलं, म्हणून हिशेब करता आला. आजींचं राहिलं नाही.

म्हणून वही. आमच्या गटाने दोनशे पानी वही घेतली आहे. पुढून काक्षीची नोंद: तारीख, वेळ, आणि तो कोणापेक्षा तेजस्वी. मृगाच्या तीन ताऱ्यांची ओळ वर वाढवली की लालसर रोहिणी लागते. काक्षी रोहिणीपेक्षा उजळ, सारखा की मंद, एवढंच लिहायचं. आठवड्यातून एकदा पुरे. ढग असले तर ‘ढग’ लिहायचं, अंदाजाने काही लिहायचं नाही. अंगणातला बल्ब दहा मिनिटं बंद ठेवायचा, डोळे अंधाराला सरावतात. महामार्गाचे दिवे आता वाढत चाललेत, तरी आपल्या जंगलाकडच्या गावांत अजून छान काळोख आहे.

वहीच्या मागच्या पानांवर गावातल्या म्हाताऱ्या माणसांची ताऱ्यांची नावं लिहायची, गोंडी असोत की मराठी, जशी सांगतील तशी, सांगणारीच्या नावासकट.

तुमच्या घरी सासू असेल, आजी असेल, तर आज रात्रीच विचारा. जेवणं झाली की अंगणात बसा आणि विचारा, हा तारा कोणता. आम्ही विचारायला उशीर केला. तुम्ही करू नका.

जय सेवा.