सैन्य निघून गेल्यावर



येरवड्यात उभे राहून लष्करी जमिनीविषयी बोलायचे, तर प्रस्तावनेसाठी आम्हांला फार दूर जावे लागत नाही. १८१७ च्या नोव्हेंबरात इथल्याच नदीच्या उताराशी इंग्रज व पेशव्यांच्या फौजा समोरासमोर आल्या, पुणे पडले, आणि मग या शहराभोवती छावण्या बसल्या त्या बसल्याच. आजही येरवड्याच्या एका अंगाला खडकीची छावणी आहे, दुसऱ्या अंगाला लोहगावचे लष्करी विमानतळ.

२०२३ साली हिमाचलातील योलची छावणी रद्द झाली. तेव्हापासून पुणे आणि खडकी येथील नागरी वस्तीही महापालिकेकडे द्यावी, ही चर्चा जोराने चालली आहे. सैन्य काही इथून उठत नाही. पण लष्कराच्या वहीतली जमीन नागरिकांच्या वहीत यायची, तर असे पूर्वी झाले तेव्हा काय घडले, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी कल्याणला जाऊ या.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांचा मोठा तळ उभारला होता. युद्ध संपले, फौजा गेल्या आणि दोन हजारांवर बराकी मागे राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली सुमारे लाखभर माणसे तेथे आणण्यात आली. बराक म्हणजे एक लांबलचक दालन, शिपायांच्या खाटा ओळीने मांडण्यासाठी बांधलेले. त्यात गोणपाटाचे आणि जुन्या साड्यांचे पडदे टांगून संसार थाटले गेले. पडद्यापलीकडचे भांडण आणि पडद्यापलीकडचे बाळंतपण दोन्ही ऐकू येई. नळ सामाईक, संडास सामाईक. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजाजींनी या तळाला उल्हासनगर हे नाव दिले. सरकारने छप्पर दिले; गाव मात्र लोकांनी उभे केले. कोणी पापड लाटले, कोणी मिठाई केली, कोणी शिवणयंत्र मांडले. तेथला माणूस आजही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतो.

उणीव राहिली ती कागदाची. कुटुंबे वाढली, बराकींच्या जागी इमले चढले, आणि नकाशा, परवानगी, गटार यांचा मेळ कोणी घातला नाही. बेकायदा ठरलेल्या ८५५ इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि अखेर २००६ साली केवळ या एका शहरातील बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. घर बांधून झाल्यावर पाया मोजायचा, असा हा प्रकार!

तेथून जवळच नेवाळी आहे. युद्धकाळी धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. युद्धानंतर त्या आम्हांला परत मिळायला हव्या होत्या, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. जमीन आमची, असे नौदलाचे. जून २०१७ मध्ये कुंपणाच्या भिंतीवरून तेथे दगडफेक झाली, छऱ्यांनी माणसे जखमी झाली, गाड्या जळाल्या. पाऊणशे वर्षांपूर्वीचा कागद, आणि रक्त नातवांचे.

याउलट फिलिपाईन्समधील सुबिक पाहा. अमेरिकेचे आरमार तेथून नोव्हेंबर १९९२ मध्ये गेले. त्याआधीच, मार्चमध्ये, जागेचे काय करायचे याचा कायदा संमत झाला होता. शेजारच्या ओलोंगापो शहरातील हजारो लोकांनी विनावेतन पहारा करून गोदामे आणि घरे लुटीपासून वाचविली. त्या वस्तीत पुढे कारखाने आले. तेथे सारे सुरळीत झाले असे आम्ही म्हणत नाही; बंदरातील नोकऱ्या गेलेल्या माणसांचे हाल झालेच.

आता पुन्हा आपल्या नदीकाठी. छावणीतील पुष्कळ जुने बंगले 'ओल्ड ग्रँट'चे आहेत: घर राहणाऱ्याचे, जमीन सरकारची. हस्तांतराच्या दिवशी अशा घरांचे काय, भाडेकरूंचे काय, छावणी परिषदेच्या सफाई कामगारांच्या नोकऱ्यांचे काय? श्रोत्यांपैकी ज्यांची घरे किंवा सोयरे खडकीत असतील, त्यांना आमची एक विनंती आहे. छावणीचे जनरल लँड रजिस्टर नावाचे बाड असते. आपल्या घरापुढे त्यात काय लिहिले आहे, त्याचा उतारा मागावा. कार्यालय सकाळी उघडते.