काचेचा कारागीर स्वतंत्र कसा होतो?



हिंगोलीकडील एखाद्या गांवीं कुंभार चाकावर बसला म्हणजे त्याला फारसे सोबती लागत नाहींत. माती कालवावी, भांडीं घडवावीं, सवडीनें वाळवावीं आणि पुरेशीं साठलीं म्हणजे आवा पेटवावा. काचेचें तसें नाहीं. तिची भट्टी हजार-बाराशे अंशांवर रात्रंदिवस धगधगती ठेवावी लागते, आणि तापलेला रस नळीवर घेतला कीं बहुधा एकट्याचे हात पुरत नाहींत. म्हणून काच कारखान्याची राहिली, आणि ती घडविणारा कोणाचा तरी चाकर.

आपल्याकडे १९०८ सालीं तळेगांवास पैसा फंडाचा काच-कारखाना निघाला, तेव्हां त्याची धुरा जपानांत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं वाहिली. पैशा-पैशानें जमविलेल्या निधीचें तें कार्य. त्याचें ध्येय स्वदेशी उद्योगाचें होतें, कलेचें नव्हे, आणि त्या काळीं तें योग्यच होतें.

खुद्द जपानांत क्योहेइ फुजिता यांनीं निराळी वाट धरली. त्यांचा जन्म १९२१ चा, शिक्षण धातुकामाचें. १९४७ मध्यें ते इवाता यांच्या काच-कारखान्यांत रुजू झाले आणि दोनच वर्षांनीं, युद्धानें पोळलेल्या त्या देशांत, बांधलेला पगार सोडून बाहेर पडले! अमेरिकेंत टोलेडो येथें हार्वे लिटलटन यांनीं लहान भट्टीवर कलावंतानें स्वतः काच घडविण्याचे प्रयोग मांडले ते १९६२ सालीं. गंमत अशी कीं, हे लिटलटन मूळचे मृत्तिकाकलेचे अध्यापक.

फुजिता यांची कीर्ति झाली ती १९७३ पासून केलेल्या झांकणाच्या पेट्यांमुळें. सांच्यांत फुंकलेली रंगीत काच, तींत सोन्याचा वर्ख, वरची चकाकी आम्लानें मारलेली, आणि कडांना चांदीची पट्टी. या पट्टींत मला त्यांचें पहिलें शिक्षण दिसतें. चकाकी मारणें हें तर मोठेंच धाडस, कारण काच घ्यावयाची ती तिच्या लकाकीसाठींच. पण त्यामुळें पेटी जुन्या लाखकामासारखी गंभीर दिसते. आंत काय ठेवावें असें कोणीं विचारल्यास, ‘आपलीं स्वप्नें ठेवा,’ असें ते सांगत.

२००२ मध्यें जपाननें त्यांना संस्कृति-पदक अर्पण केलें. नोकरी सोडून तेव्हां ५३ वर्षें झालीं होतीं. पुढें दोन वर्षांनीं ते वारले.